मुदतीचा कागद

आम्ही अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या, गोठणगावच्या बाजूच्या एका बचत गटाच्या बाया बोलतोय. धानाची मळणी आटोपली, हात जरा मोकळे झाले, म्हणून रेडिओवाल्या ताईंनी बोलावलं तेव्हा आलो. कशावर बोलणार, असं त्यांनी विचारलं. आम्ही म्हटलं, व्हिसावर. ताई हसल्या. म्हणाल्या, "गटातल्या बायांना व्हिसाचं काय काम? तुमच्यातली कोण विमानात बसली आहे?"

कोणीच नाही. पण व्हिसा हा काही फक्त विमानात बसणाऱ्यांचा विषय नाही. आमच्या गावापासून सायकलनं जावं एवढ्या अंतरावर एक अख्खी वस्ती आहे. तिथली माणसं पन्नास वर्षांहून जास्त काळ आपल्या जिल्ह्यात राहतात, आपल्यासारखंच धान लावतात, आपल्याच बाजारात वांगी-टमाटर घेतात, आणि तरी 'मी इथं राहू का?' हे सरकारला ठरलेल्या मुदतीनं पुन्हा पुन्हा विचारतात. तुमच्या लक्षात आलंच असेल. आपण तिला तिबेटी कॅम्प म्हणतो. तिचं खरं नाव नोर्ग्येलिंग. १९७२ साली ती वसली, तेव्हा आपला गोंदिया जिल्हा झालेलाही नव्हता, सगळं भंडाऱ्यात होतं. सगळ्या महाराष्ट्रात तिबेटी लोकांची शेतीची वसाहत ही एवढीच. बाकीच्या मोठ्या वसाहती कर्नाटकात बैलकुप्पे आणि मुंडगोडला, ओडिशात चंद्रगिरीला, छत्तीसगडात मैनपाटला आहेत.

आधी व्हिसा म्हणजे काय ते थोडक्यात सांगतो. पासपोर्ट आपलं सरकार देतं. तो सांगतो की ही बाई आमची. व्हिसा दुसऱ्या देशाचं सरकार देतं. तो सांगतो की ही बाई आमच्याकडं येऊ शकते, अमुक कामासाठी, अमुक दिवस. फिरायचा व्हिसा वेगळा, शिकायचा वेगळा, नोकरीचा वेगळा, नवऱ्याबरोबर किंवा बायकोबरोबर राहायचा वेगळा. ज्या कामाचा घेतला तेच काम करायचं. दिवस संपायच्या आत एकतर निघायचं किंवा मुदतवाढ मागायची. आपल्या देशात कोणी परदेशी माणूस १८० दिवसांपेक्षा जास्त मुदतीच्या व्हिसावर राहायला आला, तर त्याला साधारणपणे आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी करावी लागते. मोठ्या शहरांत त्यासाठी वेगळं कार्यालय असतं. जिल्ह्यात हे काम पोलीस अधीक्षकांकडं असतं. २०१८ पासून यातली बरीच कामं ऑनलाइन झाली आहेत. आणि तुमच्यापैकी कोणी नवेगावबांधच्या बाजूला घरगुती मुक्कामाची सोय चालवत असाल तर हेही ऐकून ठेवा. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला की २४ तासांत त्याची माहिती सरकारला कळवायची असते. 'एकच रात्र तर होती' हे कारण चालत नाही.

आता कॅम्पातल्या लोकांचं. त्यांच्याकडं पासपोर्ट नाही आणि व्हिसाही नाही. १९५९ च्या मार्च महिन्यात दलाई लामा भारतात आले आणि त्यांच्या मागोमाग हजारो लोक बर्फातून चालत आले. अशा वेळी कोण कुणाकडं पासपोर्ट मागणार? निर्वासितांसाठी जगातल्या देशांनी १९५१ साली एक करार केला होता, त्यावर भारतानं सही केलेली नाही. त्यामुळं आपल्याकडं 'निर्वासित' असं वेगळं कायद्याचं खातं नव्हतं. तिबेटी माणूस कायद्याच्या वहीत परदेशीच धरला गेला. त्याला नोंदणीचं प्रमाणपत्र मिळालं. सगळे त्याला आरसी म्हणतात. आपल्याकडं आरसी म्हणजे मोटारसायकलचं पुस्तक. कॅम्पात आरसी माणसाची असते, आणि गाडीच्या आरसीसारखीच तीही मुदतीची. सोळा वर्षं पूर्ण झाली की प्रत्येकाची वेगळी निघते. आपल्या मुलींना त्या वयात दहावीची गुणपत्रिका मिळते. तिथल्या मुलींना त्याच सुमारास पहिल्यांदा समजतं की कागदावर आपण परदेशी आहोत.

आमच्या ओळखीचं एक घर आहे. नाव सांगणार नाही, त्यांनी तशी विनंती केली आहे. बाकी सगळं सांगा म्हणाल्या. घरात तीन बाया. आजी, तिची मुलगी आणि नात. आजीला आम्ही अमाला म्हणतो. तिबेटी भाषेत आईला आमा म्हणतात आणि मान द्यायला पुढं 'ला' लावतात, आपण 'आईसाहेब' म्हणावं तसं. त्यांच्या बांध्यांत आमच्या बाया रोवणीला जातात, तिथून ही ओळख. अमाला मराठी बोलते. बोलते म्हणजे झाडीतली बोलते. आमच्यातल्या एकीची शहरात शिकणारी मुलगी तिच्याशी पुस्तकी मराठीत बोलायला गेली, तर अमालाच तिला म्हणाली, "तू कोणत्या गावची वो?"

अमालाला जन्मतारीख विचारली तर ती सांगते, वाघाच्या वर्षी. तिबेटी पंचांगात बारा वर्षांचं चक्र असतं आणि प्रत्येक वर्षाला एका जनावराचं नाव. उंदीर, बैल, वाघ, ससा असं. अमालाचं वाघाचं वर्ष म्हणजे १९५०. नऊ वर्षांची असताना आईच्या पाठीमागं चालत ती डोंगर उतरली. वडिलांनी हिमालयात रस्त्याच्या कामावर दगड फोडले. त्या काळात आलेल्या पुष्कळ तिबेट्यांनी तेच केलं. १९७२ मध्ये बाविसाव्या वर्षी ती इथं आली. तेव्हा इथं सगळं जंगल होतं. उन्हाळा म्हणजे काय हे तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्या मे महिन्यात दिवसभर इटियाडोहच्या कालव्याच्या पाण्यात पाय सोडून बसावंसं वाटायचं, असं ती सांगते.

अर्जात 'वाघाचं वर्ष' असा रकाना नसतो. तिथं दिवस, महिना, साल लागतं. कधीतरी कोणीतरी साहेबानं अंदाजानं एक तारीख लिहिली आणि तीच तिची झाली. हे ऐकून आम्हाला काही नवल वाटलं नाही. आपल्या आज्यांचं तरी काय? 'मोठा पूर आला त्या साली', 'मोहफुलं झडत होती तेव्हा', असाच आपल्या घरचाही हिशोब. फरक एवढाच की आपल्या आजीची तारीख चुकली तर निराधार योजनेचा अर्ज अडकतो. अमालाची तारीख दोन कागदांवर दोन तऱ्हेची निघाली, तर ती कोण आहे हाच प्रश्न उभा राहतो.

नावाचंही तसंच. तिबेटी लोकांत बहुतेकांना आडनाव नसतं. दोन शब्दांचं नाव असतं, त्यातला दुसरा शब्द काही बापाचा नाही, नवऱ्याचाही नाही. पण अर्जात पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन रकाने. एका वेळी अमालाच्या मुलीचा अर्ज एका संगणकाच्या दुकानात भरला. टंकणाऱ्या पोरानं ऐकू आलं तसं नाव लिहिलं. जुन्या आरसीवर एक अक्षर, नव्या अर्जावर दुसरं. अर्ज परत आला. पुन्हा प्रतिज्ञापत्र, पुन्हा फोटो, पुन्हा चौकशी. गोंदियाला जाऊन यायचं म्हणजे इकडच्या बाईचा सगळा दिवस जातो हे तुम्हाला सांगायला नको. तिचे असे चार दिवस गेले, तेही कापणीच्या तोंडावर.

तेव्हापासून त्या घरात एक पद्धत आहे. आम्हाला ती फार आवडली आणि आमच्या गटानंही उचलली. एक जुना बिस्किटाचा डबा. त्यात घरातल्या प्रत्येकीची एक पिशवी. पिशवीवर मोठ्या आकड्यात मुदत संपायची तारीख, आणि तिच्या खाली तीन महिने आधीची तारीख लाल पेनानं. लाल तारखेला काम सुरू करायचं. आत जुन्या सगळ्या आरसी, रद्द झालेल्यासुद्धा, कारण नवा अधिकारी कधी कधी वीस वर्षांपूर्वीचा कागद मागतो. नाव कसं लिहायचं त्याची एक चिठ्ठी, इंग्रजी अक्षरांत, ठळक. दुकानातल्या पोराच्या हातात तीच द्यायची, तोंडानं सांगायचं नाही. वसाहतीच्या कार्यालयाचं पत्र, फोटो, राहण्याचा पुरावा. अर्ज गेला की त्याची पोच त्याच दिवशी डब्यात.

पूर्वी ही आरसी दर वर्षी, काहींची तर त्याहूनही लवकर, नवी करावी लागायची. आता भारतात जन्मलेल्यांना किंवा वीस वर्षांहून जास्त राहिलेल्यांना ती पाच वर्षांसाठी मिळते. अमाला म्हणते, पाच वर्षं म्हणजे लई झाले. तिच्या तोंडून ते ऐकताना आम्हाला बरं वाटावं की वाईट, समजत नाही. पंचाहत्तर वर्षांची बाई, त्रेपन्न वर्षं इथं राहिलेली, आणि पाच वर्षांच्या परवानगीला लई म्हणते.

सध्या कॅम्प निम्मा रिकामा आहे. दिवाळीच्या आसपास तिथली कमावती माणसं स्वेटर विकायला शहरांत जातात आणि संक्रांतीच्या मागं-पुढं परततात. नागपूरचा तिबेटी बाजार तुमच्यापैकी पुष्कळजणींनी पाहिला असेल. घासाघीसही केली असेल. त्या दुकानामागं उभी असलेली बाई तीन-साडेतीन महिने घराबाहेर असते, आणि परदेशी नोंदणी असलेल्या माणसानं असं बरेच दिवस दुसरीकडं राहायचं तर पोलिसांना कळवावं लागतं. समजा आरसीची मुदत डिसेंबरात संपते. म्हणजे ऐन धंद्याच्या दिवसांत दुकान सोडून परत यायचं. वर्षाची निम्मी कमाई त्या तीन महिन्यांत असते. म्हणून अमालाची मुलगी ते काम दसऱ्याच्या आधीच उरकून घेते. कुणाचं काय कधी संपतं हे त्या घरात तीच लक्षात ठेवते. आपल्याकडंही गॅसचं पुस्तक, राशनकार्ड, पोरांचे दाखले कुठं ठेवलेत हे घरातल्या बाईलाच माहीत असतं ना, तसंच.

देशाबाहेर जायचं असेल तर त्यांच्यासाठी आणखी एक कागद असतो. पासपोर्टऐवजी ओळखीचं पुस्तक. त्याचं कव्हर पिवळं, म्हणून पिवळं पुस्तक. ते दिल्लीहून निघतं आणि त्यासाठी आधी चालू आरसी लागते. नुसतं पुस्तक घेऊन निघता येत नाही. जाताना इथली परवानगी, आणि परत येता येईल याचीही सोय आधीच करून ठेवावी लागते. आपण गावाला जाताना कुलूप लावतो. त्यांना जाताना हेही पाहावं लागतं की परत आल्यावर दार उघडेल की नाही.

आता अवघड भागाकडं येऊ. अमालाची मुलगी १९७९ साली इथंच, कॅम्पातल्या घरात जन्मली. सुईण आमच्या गावची होती. नात २००१ ची. मग या परदेशी कशा?

आपल्या नागरिकत्वाच्या कायद्यात जन्मतारखेला फार महत्त्व आहे. तीन काळ लक्षात ठेवा. २६ जानेवारी १९५० पासून १ जुलै १९८७ च्या आधीपर्यंत जो भारतात जन्मला तो जन्मानंच भारताचा नागरिक, आई-बाप कुठलेही असोत. राजदूतासारखे काही अपवाद आहेत, ते सोडा. १ जुलै १९८७ नंतर जन्मलेल्याच्या आई-बापांपैकी एक तरी भारतीय नागरिक असला पाहिजे. आणि ३ डिसेंबर २००४ पासून नियम आणखी कडक झाला. दोघंही नागरिक पाहिजेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा आलेला नसावा.

या हिशोबानं अमाला परदेशी. मुलगी जन्मानं भारतीय. आणि मुलगी भारतीय, म्हणजे आई नागरिक म्हणून कायद्याच्या शब्दाप्रमाणं नातही भारतीय. एका चुलीवर जेवणाऱ्या तिघी, पण कागद तिघींच्याही हातात परदेशीचाच.

हा मुद्दा कोर्टात गेला होता. हिमाचलात १९८६ मध्ये जन्मलेल्या नामग्याल डोल्कर नावाच्या मुलीला पासपोर्ट नाकारला गेला. ती दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि २२ डिसेंबर २०१० रोजी न्यायालयानं सांगितलं की ती भारताची नागरिक आहे, तिला परदेशी म्हणता येणार नाही. पुढं २०१४ मध्ये निवडणूक आयोगानंही अशा तिबेट्यांची नावं मतदार यादीत घ्यायला सांगितली. २०१६ च्या सप्टेंबरात दिल्ली उच्च न्यायालयानं पुन्हा तेच सांगितलं, की त्या काळात इथं जन्मलेल्यांना पासपोर्ट द्या. आमच्या गटात हे पहिल्यांदा वाचून दाखवलं तेव्हा एकीनं टाळीच वाजवली.

पण २०१७ मध्ये पासपोर्ट मागणाऱ्या तिबेट्यांपुढं अटी ठेवल्या गेल्या. आरसी परत करा. पिवळं पुस्तक परत करा. तिबेटी प्रशासनाकडून मिळणाऱ्या सवलती सोडा. आणि वसाहतीतलं राहणं सोडा.

शेवटचं पुन्हा ऐका. वसाहतीतलं राहणं सोडा. कॅम्पातली जमीन कुणाच्या मालकीची नाही, ती निर्वासितांसाठी दिलेली सरकारी जमीन आहे. २०१४ साली केंद्र सरकारनं तिबेट्यांच्या पुनर्वसनाचं धोरण आणलं, त्यात वीस वर्षांच्या भाडेपट्ट्याची गोष्ट आहे, रोजगार हमी, राशन, घरकुल अशा योजनांचा लाभ द्यावा असंही आहे. पण सगळं ते निर्वासित आहेत म्हणून. नागरिक झालात की निर्वासित राहिला नाहीत, मग निर्वासितांच्या जागेत कसे राहता, असा त्यामागचा हिशोब. कागदावर तो बरोबर वाटतो. अमालाच्या अंगणात उभं राहून पाहिलं की वाटत नाही. मुलीनं भारतीय व्हायचं तर पंचाहत्तर वर्षांच्या आईला त्या घरात एकटं ठेवून जायचं. आणि कुठं? तिचं सगळं आयुष्य त्या चार रांगांत गेलं.

मुलगी नुसती गप्प बसून नव्हती. तिनं जन्माचा पुरावा शोधला. गावच्या जन्म-मृत्यूच्या पंजीत नोंद निघाली, कारण त्या सुईणीनं त्याच आठवड्यात जाऊन ती लिहवली होती. बापाचं नाव आहे, तारीख आहे. मुलाच्या नावाच्या रकान्यात फक्त 'मुलगी'. आपल्यातल्या किती जणींच्या जन्माच्या नोंदीत असं नुसतं 'मुलगी' लिहिलेलं असेल! मग शाळा सोडल्याचा दाखला जोडून दोन्ही एकीच्याच, हे दाखवायची खटपट. ते सगळं जमलं. अर्ज तिनं केला नाही.

नातीला मात्र वाटतं करावा. ती नर्सिंग शिकली, नागपुरात खासगी दवाखान्यात कामाला आहे. सरकारी भरतीची जाहिरात आली की तिच्याबरोबर शिकलेल्या मुली अर्ज भरतात, ती भरू शकत नाही. बाहेर देशात नर्सला मागणी आहे, पण पिवळं पुस्तक काढलं की समोरचा आधी विचारतो, हे काय असतं? आईनं आपलं नागरिकत्व कागदावर आणलं तरच नातीचा रस्ता सरळ होतो. म्हणजे नातीसाठी पाऊल उचलायचं तर अमालाला सोडायचं, आणि अमालाजवळ राहायचं तर नातीचं अडवायचं. मधली बाई दोन्हीकडं ओढली जाते. सासू आणि पोरी यांच्यामध्ये ओढली गेलेली बाई आपल्याला काही नवी नाही, पण इथं ओढणारा दोर सरकारी आहे.

आमचं मत सांगतो. जन्मानं मिळालेल्या हक्काला घर सोडायची अट लावणं आम्हाला पटत नाही. पण कॅम्पात सगळे आमच्यासारखा विचार करत नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. तिथले काही वडीलधारे म्हणतात, सगळ्यांनी भारतीय पासपोर्ट घेतला तर उद्या तिबेटचं नाव कोण घेणार? आम्ही पाहुणे आहोत हे विसरलो तर घर विसरलो. अमाला या वादात पडत नाही. ती म्हणते, माझं झालं, पोरीचं पाहा.

१ सप्टेंबर २०२५ पासून परदेशी लोकांविषयीचा नवा कायदा लागू झाला आहे. इंग्रजांच्या काळातले तीन आणि नंतरचा एक असे चार कायदे जाऊन त्यांच्या जागी हा एक आला. नोंदणी केलेल्या तिबेट्यांसाठी त्यात सूट ठेवली आहे. पण सूट नोंदणी असलेल्यांना. म्हणजे तो बिस्किटाचा डबा आता जास्तच जपायला हवा.

आपल्या तालुक्यात बंगाली वस्त्याही आहेत, त्यांची गोष्ट निराळी आणि मोठी आहे. ती त्यांच्याच बायांनी येऊन सांगावी, आम्ही नको.

आता थोडं आपल्या घरांकडं. हल्ली आपल्याकडची पोरंही आखाती देशांत कामाला जातात, गवंडी, वेल्डर, ड्रायव्हर म्हणून. तिथं ते अमालाच्या जागी असतात. तिथं राहायचा परवाना असतो, सौदीत त्याला इकामा म्हणतात. तो बहुतेक ठिकाणी मालकाशी बांधलेला असतो. मालकानं वेळेवर नवा केला नाही तर भोगावं लागतं ते कामगाराला. म्हणून पोरगा जायच्या आधी व्हिसाच्या पानाचा, करारपत्राचा आणि पासपोर्टचा फोटो घरी ठेवून घ्या. व्हिसावर काय लिहिलंय ते वाचणाऱ्याकडून वाचून घ्या. 'आत्ता फिरायच्या व्हिसावर पाठवतो, तिकडं गेल्यावर बदलून देतो' असं एजंट म्हणाला तर पोराला पाठवू नका. फिरायच्या व्हिसावर काम करताना पकडला गेला तर एजंट फोन उचलत नाही.

दहावी पास नसलेल्या माणसाला अशा काही देशांत कामाला जाण्याआधी आपल्या सरकारची मंजुरी घ्यावी लागते. ती मिळाली असेल तर त्याचा विमा असतो, मृत्यू किंवा कायमचं अपंगत्व आलं तर दहा लाखांचा. घरकामाला जाणाऱ्या आपल्या बायांसाठी नियम आणखी आहेत. अशी मंजुरी लागणाऱ्या बाईचं वय ३० पूर्ण पाहिजे आणि भरती सरकारी संस्थेकडूनच झाली पाहिजे. कुणी पंचविशीतल्या पोरीला घरकामासाठी दुबईला नेतो म्हणाला, तर तो कायद्याबाहेरच नेतो आहे हे ओळखा.

आणि ज्यांच्या मुली लग्न होऊन परदेशात गेल्या, त्यांनी एक विचारावं, की मुलगी कोणत्या व्हिसावर आहे? अमेरिकेत नवरा नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायकोचा व्हिसा त्याच्यावर अवलंबून असतो. त्याची मुदत तीच तिची, त्याची नोकरी गेली तर तिचंही राहणं अडचणीत. तिला नोकरी करायची मोकळीकही सगळ्यांना नसते. जावयाला शिव्या द्यायला हे सांगत नाही. मुलीचे कागद मुलीच्या हातात असावेत, तिच्या पासपोर्टची एक प्रत आईच्या पेटीत असावी, एवढ्यासाठी सांगतो.

या सगळ्यातून आमच्या गटानं एक काम हातात घेतलं आहे. गावात बाळ जन्मलं की २१ दिवसांच्या आत नोंद झाली का, हे आमच्यातली एक जण पाहते. २१ दिवसांत नोंद फुकट होते. ३० दिवसांपर्यंत थोडं विलंब शुल्क, एक वर्षापर्यंत परवानगी आणि स्वतः सही करून साक्षांकित केलेला कागद, आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. दवाखान्यात जन्मलेल्याची नोंद दवाखाना पाठवतो, पण नाव घालायला आपल्यालाच जावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्या बाळांना तर शाळा, मतदार यादी, लग्नाची नोंद, सरकारी नोकरी, सगळीकडं जन्माचा दाखलाच चालणार आहे. तेव्हा 'मुलगी' लिहून ठेवू नका. बारशाची वाट पाहायची असेल तर पाहा, पण दुसऱ्या दिवशी नाव घेऊन ग्रामपंचायतीत जा.

कागदाच्या कामात अडलात आणि वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं जा. बाईला तिथं मोफत वकील मिळतो, तिचं उत्पन्न किती हे विचारत नाहीत. १५१०० या नंबरवर फोन करूनही विचारता येतं. अमालाच्या मुलीला आम्ही हेच सांगितलं आहे. घर न सोडता पासपोर्ट मागता येईल का, हे तिला वकिलाला विचारायचं आहे. संक्रांत झाली की ती नागपूरहून येईल, मग आमच्यातल्या दोघी तिच्याबरोबर गोंदियाला जाणार आहेत. पंजीची नक्कल आणि शाळेचा दाखला अमालानं डब्यातून काढून वेगळा ठेवला आहे.